गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधी: घरच्या घरी तपासणी आणि तेलाची पातळी

दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज आला किंवा रिव्हर्स पडेनासा झाला, की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो, आणि गाडी गॅरेजमध्ये पोचली की तो खाली उतरवलाही जातो. बऱ्याचदा दोष निघतो क्लचच्या वायरीत, फाटलेल्या माउंटिंगमध्ये (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणाऱ्या रबरात), ब्रेक लाइटच्या चिमुकल्या स्विचमध्ये, नाहीतर नुसतं तेल कमी झालेलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे) काढायचे, माउंटिंग सोडायचं, इंजिनाला खालून टेकू द्यायचा. नवीन भाग एकही न टाकता मोठी मजुरी तिथेच लागते. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला ठेवा: बाहेरून आत, आणि स्वस्तातल्या गोष्टीकडून महागाकडे. इंदुरात हे सगळं आपल्या आवारात आणि सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून होतं. राजवाड्याच्या गर्दीत यातली एकही चाचणी करायला जाऊ नका.

आधी गिअरबॉक्स कोणता, ते ओळखा

तीन पेडल असतील तर मॅन्युअल. दोनच असतील आणि लिव्हरवर ‘पी’ नसेल, फक्त आर, एन, डी, एम असेल, तर ती जवळजवळ नक्की एएमटी. म्हणजे आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. २०१४ साली सेलेरिओतून हा प्रकार आपल्याकडे छोट्या गाड्यांत आला. ‘पी’ असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा), सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणारा) किंवा डीसीटी (दोन क्लचचा) यांपैकी एक. ब्रेझा आणि अर्टिगा यांच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, पेट्रोलच्या होंडा सिटी ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी. गाडीच्या नावावरून मात्र अंदाज बांधू नका. फोक्सवॅगन तैगुनमध्ये एक लिटरच्या इंजिनासोबत टॉर्क कन्व्हर्टर येतो आणि दीड लिटरच्या इंजिनासोबत डीएसजी, म्हणजे डीसीटी. दोन्हींचं तेल वेगळं, दुखणी वेगळी. गाडीबरोबर मिळालेलं हँडबुक काढा. तेलाचा नेमका प्रकार आणि मात्रा त्यात शेवटच्या पानांकडे असते.

पुठ्ठ्याची चाचणी

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनाखाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा. फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा, म्हणजे डाग कुठे पडला ते सकाळी कळेल.

स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा असतो, सोडून द्या. हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं पाणी कूलंट. काळं, पातळ तेल बहुतेक इंजिनाचं. लालसर तेल ऑटोमॅटिकचं, म्हणजे एटीएफ (काही सीव्हीटी तेलं हिरवी किंवा पिवळसर असतात). मॅन्युअल गिअरचं तेल जाडसर, मधाच्या रंगाचं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा हुंगलं की विसरत नाही. आखलेल्या चाकाच्या आतल्या बाजूला डाग असेल तर ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील गळतंय. सील स्वस्त असतं आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या खाली थेंब असेल तर वास महत्त्वाचा: इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील, गिअरचं तेल असेल तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं. या दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा त्याच वेळी क्लच प्लेटही बघून घ्यावी.

गळती नसेल तर तेल कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. गिअरबॉक्स इंजिनासारखं तेल जाळत नाही. पातळी खाली गेली आहे याचा अर्थ तेल कुठून तरी बाहेर गेलं, किंवा मागच्या वेळी भरणाऱ्यानेच कमी भरलं.

मॅन्युअल: दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

इथे घाई करू नका, कारण नव्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत याच टप्प्यावर होते.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा, रिव्हर्ससकट. आता इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून पुन्हा टाका. बंद गाडीत लोण्यासारखे पडणारे गिअर चालू गाडीत अडत असतील तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. क्लच पूर्ण सुटत नाही, इतकंच. बंद गाडीतही अडत असतील तर लिव्हरकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबल, त्यांचे प्लास्टिकचे बुश, आणि मग आतला भाग, या क्रमाने बघा. बुश झिजला की लिव्हर खिचडीतल्या चमच्यासारखी सैल फिरते आणि पहिला टाकला तर तिसरा पडतो. बॉनेट उघडून एकाला लिव्हर हलवायला सांगा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचं केबलचं टोक बघावं. आत लिव्हर हलते पण इथला आर्म पूर्ण सरकत नाही, असं दिसलं तर दोष सापडला.

क्लच सुटत नसेल तर पेडल बघा. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत क्लच वायरीवर चालतो. वायर ताणली की पेडल जमिनीला टेकेपर्यंत क्लच सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना खर्र होतं. गिअरबॉक्सकडच्या टोकाला नट असतो, तो फिरवून खेळ नीट करता येतो. पेडल हाताने हलकं दाबल्यावर जोर लागायच्या आधी जे अंतर मोकळं जातं तो हा खेळ. साधारण १० ते २० मिलिमीटर ठीक, नेमका आकडा हँडबुकात. खेळ अजिबात नसेल तर उलटा त्रास होतो, क्लच कायम अर्धवट दाबलेला राहून प्लेट जळते.

ज्या गाड्यांत क्लच हायड्रॉलिक आहे तिथे पेडल दोन-तीनदा पंप करा. पंप केल्यावर गिअर सहज पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) वा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडर गळतोय. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून द्रव घेतात आणि क्लचची नळी डबीत वरच्या बाजूला असते. म्हणजे पातळी घसरली की आधी क्लच जातो, ब्रेक शाबूत राहतात. क्लच अचानक मऊ पडला तर डबीचं झाकण आधी बघा. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला, आणि गेलं कुठे ते शोधा.

क्लच घसरतोय का, हे मोकळ्या रस्त्यावर कळतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किमीच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपाट्याने चढला आणि वेग तसाच रेंगाळला तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदा, फार तर दोनदा. पुन्हा पुन्हा करून उरलीसुरली प्लेटही जाळाल.

आवाजाची परीक्षा त्याहून सोपी. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. घरघर ऐकू येते का? आता क्लच दाबा. आवाज बंद झाला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे काम क्लचचं. कारण साधं आहे: पेडल वर असताना इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो आणि दाबल्यावर थांबतो. रिलीज बेअरिंगवर भार येतो तो मात्र पेडल दाबल्यावर.

चालत्या गाडीत ऊंऽऽ असा आवाज येत असेल तर उतारावर, मागेपुढे कोणी नसताना, क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर बदलला तर तो टायरचा किंवा व्हील बेअरिंगचा. ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर सूर बदलत असेल तर गिअरबॉक्सकडे बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना कट-कट-कट होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला. रबरी बूट फाटून त्यातलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं.

एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला, खर्र होत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणारी रिंग, झिजली आहे. खात्री करायची असेल तर डबल क्लच करा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून गिअर टाका. खालच्या गिअरवर येत असाल तर क्लच सोडलेला असताना ॲक्सिलरेटरला हलका स्पर्शही द्या. अशाने गिअर मुकाट्याने पडला तर सिंक्रोच. ही गाडी लगेच बंद पडणार नाही, सावकाश गिअर टाकत बरेच दिवस चालते. रिव्हर्सला मात्र अनेक गाड्यांत सिंक्रो नसतोच. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून तीन सेकंद थांबा, किंवा आधी पहिला टाकून मग रिव्हर्स टाका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पहिली पाच मिनिटं दुसरा गिअर जड पडत असेल तर तेल थंडीने घट्ट झालेलं असतं. त्याची काळजी नको.

गिअर आपोआप निसटतोय? पाय ॲक्सिलरेटरवरून काढताच लिव्हर न्यूट्रलमध्ये येते? आधी माउंटिंग बघा. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच अर्धा सोडताना बॉनेटखाली इंजिन केवढं उडतं ते दुसऱ्याला बाजूला उभं राहून बघायला सांगा, गाडीच्या समोर नव्हे. हातभर उडी मारत असेल तर रबर फाटलंय. माउंटिंग धड असूनही गिअर निसटत असेल तर दोष आतच आहे: फोर्क (गिअर सरकवणारा काटा), डिटेंटची (गिअर जागी धरून ठेवणारी) स्प्रिंग किंवा गिअरचे दात. आता मात्र गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल बघणं

बहुतेक गाड्यांत याला डिपस्टिक नसते. गिअरबॉक्सच्या बाजूला मधोमध एक बोल्ट असतो, तोच तेल भरायचा (फिलर) आणि तोच पातळीचा. तळाशी असतो तो तेल काढायचा (ड्रेन). लागणारं सामान थोडं: बसणारा पाना किंवा चौकोनी रॅचेट, टॉर्च, चिंध्या, मापाचा मग, फनेल आणि दीड मीटर पारदर्शक नळी, नाहीतर मोठी प्लास्टिकची पिचकारी.

१. गाडी सपाट असली पाहिजे. पुढची बाजू जॅकवर उचलली तर तेल मागे सरकतं आणि पातळी खोटी दिसते. वॉशिंग सेंटरचा खड्डा किंवा चारही चाकं उचलणारी लिफ्ट सगळ्यात बरी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन्ही बाजूंना स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय तर नाहीच.

२. गाडी चालवून आणली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो, हात भाजतो.

३. बोल्टभोवतीची माती ब्रशने झाडून पुसून घ्या. नाहीतर तीच माती आत जाते.

४. आधी फिलर उघडा, मगच ड्रेनला हात लावा. फिलर गंजून बसला असेल आणि तुम्ही ड्रेन आधी उघडून तेल काढून टाकलंत, तर गाडी जागेवरच अडकली. ही चूक शिकाऊ पोरं दर महिन्याला करतात.

५. भोकात करंगळी घालून खाली वाकवा. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागत असेल तर पातळी बरोबर. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत खाली असेल तर थोडं घालावं लागेल. बोटाला लागतच नसेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

६. भरताना नळी बॉनेटच्या बाजूने खाली त्या भोकात सोडा आणि वरून फनेलने ओता. तेल घट्ट असतं, हळू जातं. भोकातून बाहेर येऊ लागलं की थांबा आणि थेंब थांबेपर्यंत वाट बघा.

७. बोल्टाखालचा वॉशर नवा टाका. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, पाइप घालून पाना आवळाल तर आटे जातील.

छोट्या गाड्यांत एकूण तेल साधारण दोन ते अडीच लिटर बसतं. प्रकार मात्र डबा बघून नव्हे, हँडबुक बघून घ्या. ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० हे झाले घट्टपणाचे आकडे. त्यापुढे जीएल-४ की जीएल-५ हा तेलाचा वर्ग जास्त महत्त्वाचा. ‘पाच मोठा म्हणजे चांगला’ असं दुकानदार सांगतो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं आणि ते पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही. शिवाय तेल जास्त निसरडं असलं की रिंगेला पकडच मिळत नाही आणि नव्या तेलाने गिअर आधीपेक्षा जास्त खरखरतात. जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत मागच्या डिफरन्शियलचं (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) तेल वेगळं असतं आणि तिथे बहुधा जीएल-५ लागतं. दोन डबे घेऊन गेलात तर त्यांच्यावर मार्करने लिहून ठेवा, मिस्त्री घाईत अदलाबदल करतो.

ऑटोमॅटिक: तापमानाशिवाय पातळी कळत नाही

एटीएफ तापल्यावर बरंच फुगतं. थंड गाडीत बघितलेली पातळी आणि अर्धा तास चालवल्यावरची पातळी यांत मोठा फरक पडतो, म्हणून डिपस्टिकवर ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन पट्ट्या असतात.

डिपस्टिक असेल तर गाडी वीस-तीस मिनिटं चालवून सपाट जागी आणा. इंजिन चालूच ठेवा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून शेवटच्या गिअरपर्यंत आणि परत अशी सावकाश फिरवा, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबून. मग पी मध्ये, इंजिन चालू असतानाच, डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल ‘हॉट’च्या पट्टीत हवं. दोन्ही बाजूंना पातळी वेगळी दिसली तर कमी दिसणारी धरा. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हीच तपासणी इंजिन बंद करून, ६० ते ९० सेकंदांच्या आत करायची असते. कमी असेल तर एका वेळी फार तर १०० ते २०० मिलिलिटर घाला. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत फरक फारच थोडा असतो, एकदम ओतलंत तर काढायला पंप लागेल.

कमी तेल वाईट, हे कोणालाही पटतं. जास्त तेलही तितकंच वाईट. फिरणारे भाग ते घुसळतात, ताकासारखा फेस होतो, पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि गिअर घसरायला लागतात. म्हणजे लक्षणं कमी तेलासारखीच! फेस दिसला तर आणखी ओतू नका.

नव्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, गाडीच्या कंप्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत, खालचा ओव्हरफ्लो बोल्ट उघडतात. बऱ्याच गिअरबॉक्सना हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान लागतं. बारीक धार थेंबांवर आली की बोल्ट लावायचा. आता विचार करा: मे महिन्यात इंदूरचा पारा ४२-४३ वर असताना दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरू करण्याआधीच त्या मर्यादेच्या टोकाला असतं. हे काम सकाळी पहिल्या नंबराला करून घ्या. मिस्त्री स्कॅनर न लावता ‘हाथ से देख लेते हैं’ म्हणाला तर गाडी परत आणा.

लक्षणांकडे वळू. एन मधून डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेत असेल, विशेषतः सकाळी थंड असताना, तर आधी पातळी तपासा. एकाच गिअरमध्ये अडकून बसली, पिकअप गेला आणि डॅशबोर्डवर दिवा लागला तर ती सुरक्षित अवस्थेत गेलेली आहे. कंप्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचल्याशिवाय बॅटरी काढू नका, कोड पुसला जातो. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर बहुधा पी ०७०० एवढंच दिसतं. त्याचा अर्थ फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंप्युटरने दिवा लावायला सांगितलं’, खरं कारण त्या कंप्युटरमध्येच असतं आणि तिथपर्यंत जाणारा स्कॅनर लागतो. पी ०७०० बघून कोणी नव्या गिअरबॉक्सचा भाव सांगायला लागला तर ऐकू नका.

ताशी ५०-६० किमीला, हलक्या ॲक्सिलरेटरवर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते? डावा पाय ब्रेकवर अगदी हलका टेकवा, ब्रेक लाइट लागण्यापुरता. थरथर लगेच थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा), आणि कारण बऱ्याचदा थकलेलं तेल. तेल बदलून बघणं हा पहिला उपाय. तळाचा बोल्ट उघडल्यावर निम्म्याच्या आसपास तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढून-भरून घेणं आम्हाला मशीनने एकदम फ्लश करण्यापेक्षा बरं वाटतं, विशेषतः जुन्या गाडीत.

सीव्हीटीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम आधी चढतो आणि वेग मागून येतो. हा स्वभाव आहे, रोग नव्हे. जागेवरून निघताना हिसके आणि वाढत जाणारी शिट्टी हे मात्र रोग. सीव्हीटीत एटीएफ कधीही घालू नका, दोन लिटरसाठीसुद्धा नाही. आतला पोलादी पट्टा त्या विशिष्ट तेलाच्या पकडीवरच चालतो, आणि पट्टा एकदा पुलीवर घसरला की पुलीला पडलेला ओरखडा तेल बदलून जात नाही.

एएमटी आणि डीसीटी

एएमटीत गिअर बदलताना मान पुढे-मागे होते, ते तसंच असतं. गाडी सुरूच होत नसेल किंवा एन मधून निघत नसेल तर पहिलं काम: मागे माणूस उभा करून ब्रेक लाइट लागतात का बघा. ब्रेकचा स्विच बिघडला की कंप्युटरला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही. दुसरं काम बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. बॅटरी कमकुवत असली की ॲक्च्युएटर (क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा) अर्धवट काम करतो आणि गिअरबॉक्स नाहक बदनाम होतो. हायड्रॉलिक एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडताच पंपाचा घूं असा आवाज येतो. तो दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा येत राहिला तर दाब टिकत नाहीये. त्या यंत्रणेच्या डबीत स्वतः तेल ओतू नका, दाब सोडल्याशिवाय पातळी खरी दिसत नाही. क्लच प्लेट बदलली तर स्कॅनरने नवी पकड शिकवून घ्यावी लागते. ते न केल्याने ‘नवी प्लेट टाकूनही झटके’ ही तक्रार येते.

कोरड्या क्लचच्या डीसीटीला एमजी रोडची संध्याकाळ मानवत नाही. समोरची गाडी फूटभर सरकली की आपणही सरकायचं, असं केल्याने क्लच सतत अर्धवट घासत तापतो. दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं एएमटी आणि डीसीटी दोघांसाठीही वाईट, ब्रेक वापरा. तापल्याचा इशारा आला तर बाजूला घेऊन पी मध्ये इंजिन चालू ठेवून थांबा.

काढलेलं तेल काय सांगतं

तेल काढलं की लगेच गटारात जाऊ देऊ नका. दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या, थोडं बोटांत चोळा. करपलेला वास आणि काळपट रंग म्हणजे ऑटोमॅटिकच्या आतल्या क्लच जळू लागल्या आहेत. गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर कूलंट मिसळलंय, रेडिएटरमधला कूलर फुटला असणार, आणि ती गाडी चालवायचीच नाही. ड्रेनच्या चुंबकावर करडं, लोण्यासारखं मऊ कीट असतं. ते नेहमीचं. त्यात बोटाला टोचणारा कण लागला तर गिअरचा दात किंवा बेअरिंग. तेलात उन्हात चमकणारी पिवळसर भुकटी दिसली तर सिंक्रोचं पितळ.

घाट आणि पाणी

दिवाळीत नाशिक-पुण्याकडून परतताना सेंधव्याचा बिजासन घाट आणि धामनोदपुढचा गणपती घाट, दोन्ही भरल्या गाडीने चढायचे असतात. ऑटोमॅटिकचं तेल सगळ्यात जास्त तापतं ते अशा वेळी. ‘लाइफटाइम तेल’ असं कंपनीने लिहिलं असलं, तरी उन्हाळा आणि घाट असलेल्या गाडीचं तेल साठेक हजार किलोमीटरला बदलावं, असं आमचं मत. उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह आवरा. खालच्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिकला एल, एस किंवा मॅन्युअल मोडमध्ये उतरा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलात तर वेगळा धोका. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटं ब्रीदर असतं. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. चाकाच्या मधोमध पाणी आलं असेल तर आठवड्याच्या आत तेल बघा, दुधाळ असेल तर बदला. ब्रीदर मातीने बुजलं तर उलटं होतं, दाब वाढून धडधाकट सील गळायला लागतं.

ऑटोमॅटिक बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका. पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत तेल फिरत नाही. प्लॅटफॉर्मवालीच गाडी बोलवा.

मिस्त्रीकडे गेल्यावर

निदान सांगू नका, लक्षण सांगा. ‘भिया, गेर खराब हो गया’ म्हणालात की गिअरबॉक्स उतरलाच समजा. त्याऐवजी: ‘सुबह ठंडी गाडी में दूसरा गेर किर्र करता है, डबल क्लच से नहीं करता, बाकी सब गेर ठीक हैं.’ एवढं नेमकं बोलणाऱ्याच्या गाडीला पाना लावताना कोणीही दोनदा विचार करतो. तेलाचा डबा सीलबंद आणा आणि आपल्यासमोर उघडायला लावा, किती लिटर गेलं ते मगवर बघा, नवा वॉशर त्याच्या हातात तुम्हीच द्या. जुने भाग परत मागून घ्या.

काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवा, सगळे गिअर वापरून, रिव्हर्ससकट. मग रात्री तोच पुठ्ठा, उलटी बाजू वर करून, पुन्हा गाडीखाली सरकवा.